डिझेल जीपचे तेल घरी बदलताना

आपण चेंबूरची मंडळी तेलाच्या शेजाराने राहतो. माहुलच्या बाजूला १९५४ साली स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा आणि १९५५ साली बर्मा शेल कंपनीचा, असे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे सत्तरीच्या दशकात ते सरकारी मालकीचे झाले आणि आज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी चालतात. वारा तिकडचा असला की वास घरात येतो आणि रात्री गच्चीवर गेले की चिमणीच्या टोकावरची ज्योत दिसते. यांपैकी पहिल्या कारखान्याला लागून १९६९ पासून आणखी एक काम चालते, त्याची वार्ता फारशी कोणाला नसते. तेथे वंगणाचे मूळ तेल तयार होते. खनिज तेल तापवून त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल निघून गेल्यावर तळाशी जो जड, काळा साका उरतो, तो निर्वात मनोऱ्यात पुन्हा उकळतात आणि त्यातले मेण व इतर नको ती द्रव्ये काढून टाकतात. मग जे मधाच्या रंगाचे तेल मिळते, ते वंगणाचे बीज. म्हणजे मोटारीच्या इंजिनात आपण जे ओततो, त्याचा जन्म कदाचित आपल्या घरापासून दोन-तीन मैलांवर झालेला असतो. वापरून काळे झाल्यावर ते कोठे जाते, हा आजच्या विषयाचा उत्तरार्ध आहे, आणि खरे सांगावयाचे तर तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पण आधी इंजिनाकडे वळू.

व्याख्यानमालेत संतवाङ्मय ऐकावयाचे, इतिहास ऐकावयाचा, तेथे मोटारीचे तेल कसे बदलावे हे कशाला, ते तर गॅरेजवाल्याचे काम, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर एवढेच की, गाडी ज्याची त्याने आयुष्यात एकदा तरी हे काम स्वतःच्या हाताने करून पाहावे. मग पुढे खुशाल गॅरेजवाल्याकडे जावे. तो काय करतो आणि काय करीत नाही, हे तेव्हा कळू लागेल.

जीपगाडीचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद कंपनीने १९४७ साली येथे अमेरिकन विलिस जीप जोडावयास घेतली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीच्या नावातले दुसरे अक्षर तेच ठेवून 'महिंद्र अँड महिंद्र' असे नाव झाले. त्या मूळच्या जीपचे इंजिन पेट्रोलवर चाले. डिझेल मागाहून आले. १९७९ साली प्यूजो या फ्रेंच कंपनीशी डिझेल इंजिनांचा करार झाला आणि त्यानंतरची जीप ही बहुतेकांच्या आठवणीत डिझेलचीच आहे. २००० सालची बोलेरो, २००२ सालची स्कॉर्पिओ, २०१० सालची थार ही सारी तिचीच वंशावळ. यांतल्या काही गाड्यांची चारही चाके इंजिनच्या जोराने फिरू शकतात. आज मी जे सांगणार आहे ते अशा डिझेल गाडीपुरते. पण नियम बहुतेक सगळ्यांना लागू पडतील.

वंगण करते काय? दोन धातूंमध्ये राहून ते घासू देत नाही, हे शाळेतले पोरही सांगेल. पण कसे राहते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कोणाला नीट सुटला नव्हता. इंग्लंडात ब्यूचँप टॉवर नावाचा एक इंजिनियर १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. मग दाबमापक लावून पाहिला, तर बेअरिंगवरील भाराचा जो सरासरी दाब, त्याच्या दुपटीहून अधिक दाब तेलात भरलेला! ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली याची गणिती उपपत्ती दिली. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढून एका निमुळत्या फटीत कोंबतो. तेथे ते पाचरीसारखे शिरते आणि दाबाने आसाला उचलून धरते. म्हणजे चालू इंजिनात क्रँकशाफ्ट धातूवर टेकलेला नसतोच, तो तेलावर तरंगत असतो. ही तेलाची चादर केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ असते. तीत वाळूचा कण आला, किंवा तेल पाण्यासारखे पातळ झाले, की चादर फाटते आणि धातू धातूला भिडतो. इंजिन बंद असते तेव्हा चादर नसते; म्हणून सर्वांत अधिक झीज गाडी चालताना होत नाही, ती सकाळी पहिल्यांदा चालू करताना होते.

डिझेल इंजिनात या तेलावर आणखी एक बोजा असतो. रुडोल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले, त्याची खुबी अशी की त्यात ठिणगी नाही. दट्ट्या हवेला पंधरा-वीस पट दाबतो, हवा पाचशे अंशांवर तापते आणि तीत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. थेंब पेटताना त्याच्या पोटात हवा पुरत नाही, म्हणून काजळी धरते. आपल्या घरातल्या समईची वात मोठी केली की ती काजळते, तसेच हे. त्यातली थोडी काजळी दट्ट्याच्या रिंगांजवळून खाली तेलात उतरते. वंगणात मुद्दाम अशी द्रव्ये घातलेली असतात की ती काजळीच्या कणाकणाला धरून ठेवतात, त्यांचा गोळा होऊ देत नाहीत. म्हणून डिझेल गाडीचे नवे तेल पाच-पंचवीस मैलांतच काळे दिसू लागते. पुष्कळ लोक ते पाहून घाबरतात आणि तेल देणाऱ्याने फसविले असे समजतात. वस्तुतः काळे तेल म्हणजे आपले काम करणारे तेल. काजळी त्यात तरंगते आहे, म्हणजेच ती इंजिनच्या भिंतींवर थापली गेलेली नाही. धुणे धुतलेले पाणी मळते म्हणून साबण वाईट, असे आपण म्हणत नाही.

मग तेल बदलावयाचे तरी का? कारण साबण संपतो. काजळी धरणारी, आम्ल मारणारी, गंज रोखणारी जी द्रव्ये त्यात घातलेली असतात, ती खर्ची पडतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढे तिच्याशी काम आहे: मूळ तेल खर्ची पडत नाही. ते थोडेफार उष्णतेने बिघडते हे खरे, पण बहुतांशी जसेच्या तसे राहते, फक्त मळते. 'जळके ऑइल' हा आपला रूढ शब्द त्या दृष्टीने दिशाभूल करणारा आहे.

आम्लाचा उल्लेख केला, त्याचे कारण डिझेलमधला गंधक. भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये दहा लक्ष भागांत ३५० भाग गंधकाला मुभा होती, स्टेज ४ मध्ये ५० भाग, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज ६ मध्ये फक्त १० भाग. तेव्हा आम्लाची बाधा पुष्कळ कमी झाली. पण नव्या गाड्यांनी एक नवी अडचण आणली. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. काजळी साठली की गाडी आपणच ती जाळून टाकते, आणि त्यासाठी पुष्कळ इंजिनांत जास्तीचे डिझेल सोडले जाते. चेंबूर नाक्यावरून घाटकोपरपर्यंत जाऊन परत येणारी गाडी हे जाळण्याचे काम पुरे व्हायच्या आत बंद होते, मग अर्धेमुर्धे डिझेल खाली तेलात उतरते. अशा गाडीच्या तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. 'माझी गाडी तेल खात नाही, उलट वाढते' असे एक गृहस्थ मला अभिमानाने सांगत होते. त्यांना लगोलग तेल बदलावयास सांगावे लागले.

कोणते तेल घ्यावे हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि त्यापुढे शेजाऱ्याचे, दुकानदाराचे आणि माझेही मत गौण समजावे. डब्यावरचा मजकूर मात्र वाचता आला पाहिजे. '१५ डब्ल्यू ४०' यातले डब्ल्यू हे हिवाळ्याचे अक्षर. पहिला आकडा थंड तेल किती वाहते ते सांगतो, तो जितका लहान तितके थंडीत तेल पातळ. दुसरा आकडा तापलेले तेल किती दाट राहते ते सांगतो. मुंबईला हिवाळा कोठला, असे म्हणू नका. इंजिनच्या दृष्टीने आपली मे महिन्याची पहाटसुद्धा थंडीच आहे. दुसरी खूण 'सी' अक्षराने सुरू होणारी असते, उदाहरणार्थ सीआय-४ किंवा सीके-४, ती डिझेलची. 'एस' ने सुरू होणारी पेट्रोलची. पुष्कळ डब्यांवर दोन्ही असतात. स्टेज ६ च्या गाडीला कमी राख सोडणारे तेल लागते, कारण काजळी जळून जाते पण राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते, आणि ती गाळणी बदलण्याच्या खर्चात तेलाचे कितीतरी डबे येतील.

आता काम. गाडी सपाट जागेवर उभी करावी आणि आठ-दहा मिनिटे इंजिन चालवून बंद करावे. तेल कोमट झाले की ते सुटते आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन येते. कढत मात्र होऊ देऊ नये, हात भाजतो. हातब्रेक ओढावा, गीअर घालावा, चाकांना विटा लावाव्या. जीपचे पोट जमिनीपासून उंच असते, सडपातळ मनुष्य सहज खाली सरकतो. ते शक्य नसेल तर घरी हे काम करू नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही सबबीवर जावयाचे नाही. जॅक सरकतो तेव्हा सूचना देत नाही. जमिनीवर प्लास्टिक अंथरावे, त्यावर जुने वर्तमानपत्र आणि त्यावर पसरट घमेले. अशा गाड्यांत साधारण पाच ते सात लिटर तेल असते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. घमेले त्याहून मोठे हवे. हे तोंडाने सांगितले की सोपे वाटते, पण चार लिटरच्या टबात सहा लिटर तेल मावत नाही हा शोध बहुतेकांना गाडीखाली उताणे पडलेले असतानाच लागतो, आणि त्या वेळी वाहणारी धार बंद करावयास हातात काही नसते.

वर इंजिनवरचे तेल भरण्याचे झाकण सैल करून ठेवावे, म्हणजे खाली धार मोकळी वाहते. ड्रेन प्लग तेलाच्या चेंबरच्या तळाशी असतो. त्याला बरोबर मापाचा रिंग पाना लावावा. तोंडाचा पाना घसरून त्याचे कोपरे गोल होतात. फिरविण्याची दिशा बोल्टाच्या डोक्याकडे पाहून ठरवावी, वरून वाकून पाहणाऱ्याला ती उलटी दिसते आणि सैल करावयाचा प्लग तो जीव खाऊन आवळत बसतो. प्लग ढिला झाला की पाना बाजूला ठेवून हाताने फिरवावा, आणि फिरविताना आत दाबून धरावा. आटे संपल्याचे बोटांना कळते. मग झटक्यात बाजूला घ्यावा. हातात रबरी मोजे हवेत. वापरलेल्या तेलात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. मिस्त्री लोक उघड्या हाताने काम करतात ते धाडस म्हणून नव्हे, मोजे कोणी दिले नाहीत म्हणून.

तेल निथळावयास वीस मिनिटे द्यावी. तेवढ्यात प्लग पुसून पाहावा. पुष्कळ प्लगांच्या टोकाशी लोहचुंबक असते, त्यावर करड्या रंगाचा मऊ गंध जमतो, तो नेहमीचा. बोटाला टोचणारा कीस किंवा चकत्या मिळाल्या तर नवे तेल ओतण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीला दाखवावे. तेल दोन बोटांत चोळून ते 'संपले' की नाही हे सांगणारे तज्ज्ञ आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण बोटांना फार थोडे कळते. कच कळते, डिझेलचा वास कळतो, आणि डोळ्यांना पाणी कळते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ चहासारखे दिसते.

या शेवटच्या लक्षणाचा धडा मुंबईने २६ जुलै २००५ रोजी घेतला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ज्यांनी घाईने किल्ली फिरविली, त्यांतल्या कित्येकांची इंजिने तेथेच गेली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असेल तर दट्ट्याचा दांडा वाकतो. बुडालेली गाडी चालू न करता आधी तेलाची पट्टी काढून पाहावयाची असते. पाणी तेलाहून जड, ते चेंबरच्या तळाशी बसते. म्हणून प्लग थोडा सैल केला की आधी पाणीच येते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीला तर आणखी चार जागी तेल असते. गीअरबॉक्स, जोर पुढे-मागे वाटणारी ट्रान्स्फर केस, आणि पुढचा व मागचा असे दोन डिफरन्शियल. धावून तापलेली गाडी ओढ्यात घातली की त्यांच्यातली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. पाण्यातून गाडी हौसेने काढणाऱ्यांनी, नंतर या चार जागांचे तेलही तपासावे. तेथले तेल निराळे असते, इंजिनचे चालत नाही.

फिल्टरकडे येतो. माझी फजिती येथे झाली, म्हणून सावकाश सांगतो. जुन्या पद्धतीचा डब्यासारखा फिल्टर पट्ट्याच्या पान्याने फिरवून काढतात. त्याच्या तोंडाशी रबरी कडे असते. माझ्या जुन्या जीपचा फिल्टर मी काढला, नवा बसविला, तेल भरले, गाडी सुरू केली आणि खाली वाकून पाहिले तो फिल्टरच्या कडेने काळी धार उडत होती. इंजिन लगेच बंद केले, तरी एवढ्या वेळात अर्धा-पाऊण लिटर तेल गेले होते. जुने कडे इंजिनलाच चिकटून राहिले होते आणि त्यावर मी नवे बसविले होते. दोन कड्यांमध्ये दाब टिकत नाही. हेच कडे गाडी उभी असताना धरून राहिले असते आणि खंडाळ्याच्या चढावर सुटले असते, तर मिनिटाभरात इंजिन संपले असते. तेव्हा जुना फिल्टर हातात आला की त्याचे कडे त्याच्याबरोबर आले की नाही, हे आधी पाहावे. नव्याच्या कड्याला बोटाने नवे तेल लावावे, फिल्टर उभा बसणारा असेल तर त्यात थोडे तेल भरून घ्यावे, आणि कडे टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळावा. पाना लावू नये. अलीकडच्या पुष्कळ इंजिनांत कागदी फिल्टर प्लास्टिकच्या भांड्यात बसतो, तेथे भांड्याचे रबर बदलावयाचे.

प्लगला नवा वॉशर घालावा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वॉशर दबून फट बुजवितो, म्हणून तो एकदाच कामाचा. काही रुपयांचा वॉशर वाचविण्यासाठी लोक प्लग अधिक आवळतात आणि चेंबरचे आटे घालवून बसतात. आवळण्याचा नेमका जोर पुस्तिकेत दिलेला असतो. मग नवे तेल सांगितल्यापेक्षा अर्धा-पाऊण लिटर कमी ओतावे, पाच मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पुन्हा घालून पाहावी, आणि थोडे थोडे घालीत वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबावे. जास्त तेल घातले म्हणजे इंजिनला जास्त पौष्टिक असा समज आहे, तो चुकीचा. क्रँकशाफ्ट तेलात बुडू लागला की ते ताकासारखे घुसळते, फेस होतो, आणि फेसाची चादर होत नाही. आता गाडी सुरू करावी, पण ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. तेलाच्या दाबाचा लाल दिवा काही क्षणांत गेला पाहिजे. न गेल्यास बंद करावी. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तोही तेलावरच तरंगतो. त्याच्यापर्यंत तेल पोचावयाच्या आत इंजिन रेटणे म्हणजे त्याला कोरडे पळविणे. दोन मिनिटे चालवून, प्लग व फिल्टर खालून पाहून, बंद करून, पुन्हा पट्टी पाहावी.

झाले काम, असे वाटून लोक हात धुतात. घमेल्यात सहा लिटर काळे तेल तसेच असते.

आपल्याकडे त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. खेड्यात ते वाळवीसाठी वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना फासतात. इमारतीच्या कामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. भट्ट्यांत जाळतात. आणि यांतले काही जवळ नसले की रात्री सोसायटीच्या गटारात. चेंबूरचे पावसाळी पाणी वाहून नेणाऱ्या गटारांपैकी पुष्कळ शेवटी माहुलच्या खाडीला मिळतात आणि तेथून ठाण्याच्या खाडीच्या मुखाला. एक हिशेब करून पाहा. पाण्यावर रंगीबेरंगी छटा दिसते तेव्हा तेलाचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. त्या जाडीने एक लिटर तेल एक हजार चौरस मीटर पाणी झाकते, आणि एका जीपचे सहा लिटर सुमारे दीड एकर. त्या थराखाली हवा नीट विरघळत नाही, आणि काजळी, धातूचे कण व ती कर्करोगजनक द्रव्ये चिखलात बसतात. त्याच चिखलात चोच उलटी घालून रोहित पक्षी आपले अन्न गाळतात. हिवाळ्यापासून मेपर्यंत ते शिवडीच्या व माहुलच्या पाणथळीत असतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ती खाडी रामसर यादीत गेली. आणि त्याच खाडीत माहुलच्या कोळ्यांची जाळी पडतात. कारखान्याच्या प्रदूषणाबद्दल आपण बोलतो आणि बोलले पाहिजेच. पण हे सहा लिटर कोणत्या कारखान्याचे नसतात, ते आपले असतात.

मघाशी म्हटले की मूळ तेल खर्ची पडत नाही. म्हणूनच ते परत मिळविता येते. जमविलेले तेल तापवून पाणी व डिझेल काढतात, निर्वात भट्टीत उकळून तेल वेगळे करतात, हायड्रोजनची प्रक्रिया करून स्वच्छ करतात, आणि त्यात पुन्हा नवी द्रव्ये घालून वंगण होते. पूर्वी गंधकाम्ल आणि माती वापरून हे करीत, त्यात आम्लाचा घाणेरडा गाळ उरे. वापरलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनःशुद्धी करणाऱ्याकडेच जावयाचे असते. २०२३ साली नियमांत भर पडली आणि १ एप्रिल २०२४ पासून वंगण बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या तेलाची जबाबदारी आली. घरी तेल बदलणाऱ्यासाठी मात्र गल्लीत पेटी ठेवलेली नसते. म्हणून व्यवहारातला मार्ग असा की, ज्या वर्कशॉपमध्ये जुन्या तेलाचे पिंप असते आणि ते अधिकृत माणूस नेतो, तेथे आधी विचारून आपला कॅन रिता करून यावा. भंगारवाला त्याच तेलाचे पैसे देऊ करील. त्याला विचारावे, तू हे कोणाला विकतोस. उत्तर बहुधा मिळत नाही.

कॅनमध्ये भरताना दोन पथ्ये. त्यात पाणी, रॉकेल, ब्रेकचे तेल किंवा रेडिएटरचे हिरवे पाणी मिसळू नये. मिसळलेले तेल शुद्ध करणे फार अवघड जाते. आणि जुना फिल्टर चोवीस तास भोक खाली करून घमेल्यावर ठेवावा, त्यात बरेच तेल दडलेले असते. नव्या तेलाचे रिकामे डबे रद्दीत जशाच्या तसे देऊ नयेत. नामांकित कंपन्यांच्या चांगल्या डब्यांना बाजारात गिऱ्हाईक असते, आणि त्यांत नुसते गाळलेले काळे तेल भरून, नवे बूच लावून ते पुन्हा दुकानात येते. डब्याला खिळ्याने दोन भोके पाडावी, लेबल फाडावे. मग गाडीत ठेवलेल्या वहीत तारीख, किलोमीटर आणि तेलाची जात लिहावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जेथे उभी होती तेथली जमीन पाहावी.